पायलट काकांचा वारा

पायलट काका खुर्चीवर बसले की त्यांचे पाय चालायला लागतात. डावा दाबला, उजवा दाबला, पुन्हा डावा. आवाज नाही, घाई नाही. वर माणूस शांत बसलेला, चहा पितो आहे, पेपर वाचतो आहे, आणि खाली पायांचं काम सुरू. मी शिलाईचं काम करते, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे आधी शिंपी असावेत. पण मशीनवर दोन्ही पाय एकाच पायडलवर बरोबर हलतात. काकांचे पाय एकमेकांशी भांडल्यासारखे हलायचे. एक पुढे गेला की दुसरा मागे.

आमच्या गल्लीतल्या सलीमभाईंच्या दुकानात ते दाढीला जातात. सलीमभाई वस्तरा वर धरून थांबायचे.

"काका, पाय तुमी हलवता अन् मिशी माह्या हातून जाते."

"मिशी गेली तर येते परत," काका डोळे मिटून म्हणायचे. "पाय झोपले की माणूस पालथा होते. तू तुझं काम कर."

एकदा दवाखान्यात बाकावर बसले होते तर नवीन आलेली नर्स धावत आत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, बाहेरच्या पेशंटला झटके येत आहेत. काकांना उचलून आत नेलं. ते खोकल्याचं औषध न्यायला आले होते.

त्यांचं खरं नाव दिनकरराव. पण ते नाव फक्त लाइटच्या बिलावर असतं. अमरावतीत वलगाव रोडच्या आतल्या गल्लीत आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीचं. तरुणपणी ते अकोल्याकडे कपाशीवर औषध फवारायचं विमान चालवायचे. पुढे ते विमान उतरताना मोडलं, काकांच्या मांडीचं हाडही मोडलं, आणि विमान चालवणं कायमचं सुटलं. मग रिटायर होईपर्यंत एका जिनिंग फॅक्टरीच्या गोदामावर होते. बायको फार आधीच गेली. एक मुलगी, शोभाताई. ती अकोल्याला आत्याकडे वाढली आणि तिथेच दिली. काका एकटे राहतात आणि थोडे लंगडतात.

लंगडत असले तरी स्कूटर चालवतात. आणि स्कूटरवरून येताना ते कोणाकडेच पाहत नाहीत. हाक मारा, हात करा, समोर उभे राहा, मान वळणार नाही. नवीन माणसाला वाटतं, केवढा हा गर्व. समोरच्या गावंडे काकूंच्या मुलीच्या लग्नात गावंडे स्वतः मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते. काका त्यांच्यासमोरून सरळ निघून गेले. पार पुढे जाऊन गाडी थांबवली, स्टँडवर लावली, कुलूप घातलं, गाडी हलवून पाहिली, आणि मग लंगडत परत येऊन वाकून नमस्कार केला.

"अहो काका, मी एवढा हात जोडून उभा, अन् तुमी पाह्यलं बी नाही!"

"पोचलो नव्हतो ना."

"दारातून तर गेले तुमी!"

"चाक टेकलं म्हणजे पोचलो असं नसते, गावंडे," काका म्हणाले. "गाडी उभी राह्यली, इंजन बंद झालं, मग पोचलो. मधातला टाइम खराब."

त्याच लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना काका नवऱ्या मुलाजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जवाईबापू, शेपूट सांभाळा." मुलगा नागपूरचा, बँकेतला. तो बिचारा मागे वळून आपला शेला पाहायला लागला.

शेपूट सांभाळ, हे त्यांचं नेहमीचं. आमचे हे दर्यापूरच्या जीपवर ड्रायव्हर आहेत. सकाळी गल्लीतून जीप मागे घेतात तेव्हा काका ओट्यावरून ओरडतात, "शेपूट, शेपूट!" हे म्हणतात, "काका, जीपले शेपूट नसते." काका म्हणतात, "समद्याले असते. दिसत नाही एवढंच."

मी या घरात नवीन असताना एक दिवस ते पांढरं कापड घेऊन दारात आले. मी फारशी कोणाशी बोलत नाही. त्यांनाही बहुतेक ते बरं वाटलं असावं.

"एक पिशवी शिवून दे. लांब. एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं निमुळती. दोन्ही तोंडं उघडी ठेवजो."

मी कापड हातात घेऊन विचारलं, "काका, दोन्ही तोंडं उघडी ठेवली तर पिशवीत राहील काय?"

"वारा."

मी शिवून दिली. त्यांनी रुंद तोंडाला तारेचं कडं घातलं आणि गच्चीवर बांबूला ती बांधली. वारा आला की पिशवी फुगायची आणि शेपटीसारखी आडवी व्हायची. वारा जाईल तिकडे तिचं टोक. विमानतळावर अशी असते म्हणे. गावंडे काकू म्हणाल्या, "पायलटनं पायजमा वाळू घातला, पण एकाच पायाचा." पुढे त्याच काकू कुरडया घालायच्या आधी खालून ओरडून विचारू लागल्या, "काका, आज घालू का?" काका पिशवीकडे पाहायचे आणि सांगायचे, "घाला, पण दुपारून झाका. पश्चिमेचा झटका येते." कधी यायचा, कधी नाही. नाही आला तर काका म्हणायचे, "येऊन राह्यला होता, अंजनगावकडं वळला."

त्यांचं विमान कसं असतं ते त्यांनी मला समजावून सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण ते मला समजलं, कारण त्यांनी आमच्या ह्यांची सायकलच अंगणात आणून सांगितलं. आता विमानांना पुढे नाकाखाली चाक असतं. त्यांच्या विमानाला दोन चाकं पुढे, पंखांखाली, आणि एक बारकं चाक पार शेपटीखाली. उभं असलं की नाक वर, शेपूट खाली, कुत्रं बसतं तसं.

"सायकल हँडल धरून पुढं ने. कशी जाते? सरळ. आता सीटले धरून मागं ढकल."

मी ढकलली. हँडल गर्रकन फिरलं आणि सायकल माझ्या पायावर पडली.

"पाह्य. तसं हाय ते. वजन मागं असते. जमिनीवर आलं की शेपटीले पुढं यायची घाई होते. अन् शेपटीवर उभा पत्रा असते, सुपासारखा. वारा बाजूनं आला की त्या सुपावर मारते. शेपूट सरकते, नाक वाऱ्याकडं वळते. तो पत्रा पायानं वळवायचा असते. तेव्हाच उलटा पाय दाबला तर ठीक. एका श्वासाचा उशीर झाला की विमान जागच्या जागी फुगडी घालते. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीत जाते, अन् झालं."

"म्हणजे पडत नाही, फिरतं."

"हवेतून पडणारे कमी असतात, सुमन. उतरलो, वाचलो, असं वाटलं अन् पाय सैल सोडले, असेच जास्त."

तेव्हा मला ते पाय समजले.

त्यांच्या अपघाताची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ होती. गणपतीत, कोजागरीला, कोणी पाहुणा आला की काका ती सांगायचे. खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यात काळ्या जमिनीवर मुरूम टाकून केलेली विमानाची पट्टी, दुपारची वेळ, काका फवारणी करून परत आलेले. चाकं टेकली आणि बाजूने असा वारा आला की विमानाने फुगडी घातली. पण दर वर्षी तो वारा वाढत गेला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या वाऱ्याने बाभळी वाकल्या होत्या. पुढच्या वर्षी एका शेडचा टिनपत्रा उडाला. त्याच्या पुढच्या वर्षी पत्र्यासोबत एक बकरी उडाली. सलीमभाई म्हणायचे, "काका, बकरी कुठं उतरली?" काका म्हणायचे, "चांगली उतरली. चारही पाय टेकवून."

सगळे हसायचे. मीही पदर तोंडाला लावून हसायची.

शोभाताईंशी माझी ओळख फोनवरची. त्या एकदा काकांना भेटायला आल्या होत्या, अर्धा तास ओट्यावर बसल्या, बापलेक दोघेही रस्त्याकडे पाहत राहिले, आणि जाताना त्यांनी माझा नंबर घेतला. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन मला यायचा.

"सुमनताई, बाबा जेवतात ना? खोकला कसा हाय?"

मी सांगायची. काका तोपर्यंत माझ्या दारात येऊन उभे राहिलेले असायचे, सहज आल्यासारखे, छताकडे पाहत.

"काका, ताईंचा फोन आहे. बोलता?"

"सांग तिले, वारा वायव्येचा हाय."

"ताई, काका म्हणतात, वारा वायव्येचा आहे."

पलीकडे शोभाताई म्हणायच्या, "त्याहिले वाऱ्याबिगर दुसरं काही आहे का वो? लहानपणापासून तेच आयकून राहिली मी." आणि फोन ठेवायच्या. एकदा मात्र ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्या दिवशी मी तिथंच होती, सुमनताई. पट्टीच्या काठावर. माह्याचमुळं झालं ते. ते बोलत नाहीत, पण मले माहीत हाय. म्हणून तर मले आत्याकडं टाकलं." मला पटकन बोलता येत नाही, आणि बोलायचं सुचतं तोवर समोरच्याने फोन ठेवलेला असतो.

चैत्रात वाऱ्याने ती गच्चीवरची पिशवी फाटली आणि काका ती घेऊन माझ्याकडे आले. मी ठिगळ लावत होते. ते खुर्चीवर बसले, पाय सुरू झाले. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी मशीनकडे पाहतच म्हटलं, "काका, मागच्या कोजागरीला तुम्ही शाळेची घंटा वाऱ्याने आपोआप वाजली म्हणालात. आधी घंटा नव्हती."

"असंल."

"शोभाताईंना वाटतं, त्यांच्यामुळे झालं."

त्यांचे पाय थांबले. मी मान वर केली नाही.

"तुले म्हणाली ती असं?"

"हो."

त्यांनी मोडलेली मांडी हाताने चोळली. मग म्हणाले, "वारा होता. पण रोजचाच होता, सुमन. तसला वारा मी रोज खाल्ला. पायानं धरायचा वारा होता तो. मी बाजूले पाह्यलं."

"बाजूला काय होतं?"

"शोभी. पळत पट्टीच्या काठावर आली होती. जीपवाल्यासोबत डबा घेऊन आली होती मले. माह्या मनात आलं, उतरलो तर हाय आता. पाह्यलं तिच्याकडं. तेवढ्यात शेपूट गेली."

मी ठिगळाचा दोरा तोडला. काका पुढे म्हणाले, "त्यात तिचा काय कसूर? पायलट मी होतो, का ती होती? पण लेकराले कसं समजावशीन? कंपनीच्या साहेबाले सांगितलं, वारा. डॉक्टरले सांगितलं, वारा. अक्काले, शोभीच्या आत्याले, सांगितलं, वारा. शोभीच्या कानावर पडत राह्यलं पाह्यजे म्हणून सांगतच राह्यलो. वाऱ्यावर टाकलं तर वाऱ्याले काय फरक पडते? त्याले थोडीच कोणी आत्याकडं ठेवते."

"मग त्यांना आत्याकडे का ठेवलं?"

"मी सहा-सात महिने खाटेवर. मंग नोकरी गेली. मंग तिले तिथं गोडी लागली. मले वाटलं, राहू द्या." ते उठले. "तिले काही बोलजो नोको."

मी बोलणार नाही हे त्यांना माहीत होतं. माझ्या न बोलण्यावर सगळ्यांचाच भरवसा आहे.

पावसाळा संपल्यावर शोभाताईंचा फोन आला की त्या आणि जावई आता मुलाकडे बंगलोरला राहायला जाणार, अकोल्याचं घर विकलं, जायच्या आधी रविवारी येऊन जातो. काकांना सांगितलं तर त्यांनी मला वाऱ्याची दिशासुद्धा सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः घर धुतलं. मी त्यांच्याकडे कढीगोळे, भाकरी आणि पातोडीचा रस्सा करायचं ठरलं.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा काका रस्त्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात वर करून. डावा हात हलवला, उजवा हलवला, पाठीमागे सरकत सरकत त्यांनी गाडी ओट्यापर्यंत आणली. जावई काच खाली करून "बाबा, नमस्कार," म्हणाले तर यांनी नुसता हात आडवा करून गप्प केलं. इंजिन बंद झालं, तेव्हा म्हणाले, "या."

जेवताना आधी सगळं नीट चाललं होतं. जावईबापू बोलके. त्यांनीच ती गोष्ट काढली, "बाबा, ते बकरीचं सांगा बरं एकदा, बंगलोरले कोण सांगते?" काकांनी सुरू केलं. बाभळी वाकल्या, टिन उडाला, घंटा वाजली. जावई हसून लोटपोट. शोभाताई हसल्या नाहीत. त्यांनी घास ताटात ठेवला.

"बाबा, पुरे."

काका थांबले.

"मी आता लहान नाही. आजी व्हायला आली. जाता जाता एकदा खरं सांगा. मी पळत काठावर आली होती. तुमी माह्याकडं पाह्यलं, अन् विमान फिरलं. माह्याचमुळं झालं ना?"

मी चुलीजवळ भाकरी थापत होते, हात तसाच राहिला. मला वाटलं, आता सांगतील. इतकी वर्षं त्या बिचारीने ते पोटात ठेवलं, ह्यांनीही ठेवलं, आता तरी दोघं मोकळी होतील.

"कोणी पाह्यलं?" काका म्हणाले.

"तुमी. माह्याकडं."

"मी कशाले पाहीन? तू तिथं होती हेच मले दवाखान्यात समजलं. अक्कानं सांगितलं तवा."

"बाबा, मले आठवते."

"तुले आठवत असंल. पाच-सहा वर्साचं लेकरू, त्याले काय आठवते? चाकं टेकल्यावर पायलट नाकासमोर पाहते, शोभे. आजूबाजूले हत्ती नाचला तरी पाहत नाही. विचार या सुमनले. मी येताना कोणाकडं मान वळवतो का?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. काका माझ्याकडे पाहत नव्हते, ताटाकडे पाहत होते.

"नाही, ताई," मी म्हटलं. "काका कधीच मान वळवत नाहीत. गावंडेंच्या लग्नात... मांडवाच्या दारातून सरळ गेले होते."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

शोभाताई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "मंग मले आत्याकडं काहून टाकलं?"

"मले सैपाक कुठं येत होता?"

"आता येते का?"

"आता सुमन हाय."

जावई मोठ्याने हसले. शोभाताईंना हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. पदराने तोंड पुसून त्यांनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "सुमनताई, कढी वाढा बरं." नंतर त्या खूप बोलल्या. बंगलोरच्या घराबद्दल, सुनेबद्दल, येणाऱ्या नातवंडाबद्दल. उष्ट्या हाताने बोलत बसल्या, हात वाळेपर्यंत. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकांनीही नसावं.

निघताना त्यांनी काकांच्या पायावर डोकं ठेवलं. "म्हंजे एवढी वर्सं मी उगाच..."

"उगाच," काका म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. गाडी सुरू होती. त्यांचा चेहरा हलका दिसत होता, पण थोडा हिरमुसलेलाही.

"म्हंजे तुमी मले पाह्यलंच नाही त्या दिवशी."

"नाही ना," काका म्हणाले. "जा आता. उजेडाचं पोचा."

गाडी गल्लीच्या कोपऱ्यावरून वळली. काका तिथेच उभे राहिले. गावंडे काकू ओट्यावरून काही विचारत होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. मला त्यांच्या शेजारी उभं राहायला संकोच वाटत होता आणि निघून जाणंही बरं वाटेना. मी म्हटलं, "काका, आत चला. चहा ठेवते."

"समोरचे दोन दात नव्हते तिले," काका म्हणाले.

मी थांबले.

"लाल झगा होता, अक्कानं शिवला होता, मोठा झाला होता अंगात. एका हातानं झगा धरलेला, दुसऱ्या हातात डबा. तिची माय गेली तवापासून पोट्टीनं तोंड उघडलं नव्हतं. जेवायले बी अक्का आमच्या घरी येऊन जबरदस्तीनं भरवे. अन् त्या दिवशी विमान खाली आलेलं पाह्यलं अन् अशी तोंड उघडून हासून राह्यली होती. ते दोन दात नसलेलं तोंड."

त्यांनी रिकाम्या गल्लीकडे पाहतच मला विचारलं, "तूच सांग सुमन, तू नसतं पाह्यलं?"